तुलेचा गहू

नाथाजी वाफ्याच्या वरंब्यावर बसून सतरा नंबरच्या गव्हाकडं बघत होता आणि सोसायटीचे चेअरमन भाऊसो त्याच्या डोक्यावर उभे राहून नाकाला रुमाल लावत होते. गव्हाला वास नव्हता. पण रोग म्हटला की रुमाल लावायचा, एवढं चेअरमनला माहीत होतं.

"तात्या, ह्यो काय परकार म्हणायचा? पँट बघा माझी."

त्यांच्या पांढऱ्या पँटीवर गुडघ्यापासून खाली तांबूस भुकटी बसली होती. कुंकवाचा करंडा सांडावा तशी.

"तांबेरा हाय," नाथाजी म्हणाला.

"त्ये दिसतंय मला! पण त्यो घालवायचा सोडून तुमी लावलाय? मुद्दाम?"

नाथाजीनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. गेल्या तीन वर्षांत हे त्यानं गावात कमीत कमी शंभर जणांना सांगितलं असेल. कीर्तनात बुवा एकच अभंग सोडवायला दीड तास घेतात, तेव्हा माणसं माना डोलावतात. आपण दोन वाक्यं बोललो की त्यांना कामं आठवतात.

"भाऊसो, हे चोवीस वाफं हायती. चोवीस जातीचं बी. साहेबांनी खपलीचा आन् साध्या गव्हाचा संकर केला, त्यातनं निवडत निवडत आणल्याली. दोन वाफ्यांच्या मधी ही एकएक ओळ जुन्या गव्हाची. तिला तांबेरा लगीच धरतो. तिच्यावरनं त्यो दोन्ही अंगाच्या वाफ्यांवर उडतो. जो वाफा मरतो त्यो गेला. जो टिकला त्यो आपला. रोगच नसला तर टिकला कोन, हे कळायचं कसं?"

"आन् टिकला कोन?"

"सतरा नंबर." नाथाजीचा आवाज आपोआप खाली आला. "नऊ आन् बारा बरं हायती. बाकी सगळं गेलं. पण सतराच्या पानाला एक ठिपका न्हाई. तीन सालं झाली."

भाऊसोंनी सतरा नंबरकडं बघितलं. त्यांना तो इतर गव्हासारखाच गहू दिसला. मग त्यांनी रस्त्याच्या बाजूला बघितलं, जिथं रविवारी मांडव पडायचा होता.

"तात्या, रविवारी मगदूम साहेबांचा सत्कार. शिराळ्यासनं माणसं यायची. सांगलीचं पत्रकार यायचं. आन् त्यांनी काय बघायचं? ह्यो रोग?"

"साहेब सत्काराला न्हाई म्हणत हुते. वाफं बघायला मिळतील म्हणून व्हय म्हणाले. त्ये सोताच्या हातानं वाफ्यावाफ्यातनं ओंब्या काढनार. मग कापनी. तवर कुनी हात लावायचा न्हाई."

"बरं बरं," भाऊसो म्हणाले. ते पँट झाडत गेले, आणि झाडल्यामुळं ती भुकटी अजूनच पसरली.

डॉक्टर शांतिनाथ मगदूम चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सरकारी गहू केंद्रात त्यांनी नोकरी काढली, आणि त्यातली सत्तावीस वर्षं नाथाजी त्यांच्या हाताखाली रोजंदारीवर होता. पहाटेच्या थंडीत चिमट्यानं एकेका फुलातले केसर काढायचे, ओंबीवर कागदाची पिशवी घालायची, तिच्यावर तारीख घालायची. नाथाजी चौथी शिकलेला. पण साहेब म्हणायचे, माझ्या पदवीधरांपेक्षा ह्याचा हात हलका आहे. साहेब निवृत्त झाले, केंद्रात दुसरं काम सुरू झालं, आणि ह्या संकराच्या पुड्या साहेबांच्या सांगलीच्या घरात डब्यांत येऊन पडल्या. मग कृष्णेचा पूर घरात शिरला. डबे कुजले. नाथाजीच्या कोनाड्यात चिमूटचिमूट बी राहिलं होतं, तेवढं वाचलं. ते त्यानं आपल्या तीन गुंठ्यांत वाढवलं. मागच्या साली प्रत्येक जातीचं ओंजळभर झालं, आणि साहेब म्हणाले, "या साली सगळं पेर नाथा, मागं ठेवू नको. डोळे आहेत तोवर मोठा वाफा बघू दे."

म्हणून घरात दाणा शिल्लक नव्हता. जे होतं ते रानात होतं.

शुक्रवारी नाथाजी साहेबांना आणायला सांगलीला गेला. साहेबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, शनिवारी तपासून मग सोडणार. दवाखान्याच्या बाकावर नाथाजी दोन दिवस बसला. मोबाईलची बॅटरी शुक्रवारी संध्याकाळीच संपली. चार्जर त्याच्या मुलानं, जयराजनं, कुपवाडला कारखान्यात जाताना नेलेला. एका नर्सबाईला चार्जर मागितला, तर ती म्हणाली, "बाबा, तुमच्या मोबाईलची पिन आता मिळत नाही."

शनिवारी साहेब काळा चष्मा लावून बाहेर आले. "सतरा नंबर वाळला का रे?"

"पिवळा पडलाय साहेब. दाना टनक हाय. दातानं फोडला तर वाजतो."

"दातानं फोडलास? किती?"

"दोनच."

"दोन दाणे खाल्लेस माझे," साहेब म्हणाले, आणि रस्ताभर त्याला तेच ऐकवत राहिले. नाथाजीला बरं वाटलं. साहेब खवचट बोलायला लागले की प्रकृती ठीक आहे, असं समजायचं.

रात्र सांगलीला साहेबांच्या घरी काढून रविवारी सकाळी दहाला त्यांची गाडी गावात शिरली. मांडव पडला होता, कर्णा वाजत होता, मांडवाच्या तोंडाला साहेबांचा तरुणपणीचा फोटो दरवाजाएवढा करून लावला होता. नाथाजीनं मांडवाच्या पलीकडं बघितलं आणि त्याचा हात गाडीच्या दारावरच राहिला.

रान मोकळं होतं.

चोवीस वाफे तळातनं कापलेले. मधल्या रोगट ओळीसुद्धा. नंबरच्या पत्र्याच्या पाट्या तेवढ्या उभ्या, कुणीतरी त्यांना झेंडूची फुलं अडकवलेली. सतराच्या पाटीलाही एक.

"साहेब, बसा गाडीत. आलोच," एवढं कसंबसं म्हणून तो पळाला.

बांधावर बनुबाई बसली होती, त्याची बायको. तिनं डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. शेजारी जरिना, शेजारच्या वजीरची बायको, दोघी एकमेकींकडं न बघता बसलेल्या.

"कुनी?"

"आवं, म्या चारदा फोन लावला..."

"कुनी कापलं, त्ये सांग!"

"चेअरमननी. काल सकाळी बारा बाया घिऊन आले. म्हनाले साहेबांनी सांगितलंय. म्या म्हनलं, नाथाजी आल्याबिगर न्हाई. तर म्हनाले, वैनी, तुमास्नी काय कळतंय, साहेबांची तुला करायची हाय. साहेबांच्याच गव्हानं. तवा कुठं शोभा येनार."

"तुला?"

"तराजूत बसवून," जरिना म्हणाली. "गुळाच्या वखारीतनं मोठा काटा आणलाय. आमी म्हनलं, चेअरमन बोलतायत तर न्हाई म्हनायचं आमी कोन? ताडपत्रीवर बडवलं, उफणलं. तुमची बायको बडवायला बसली न्हाई, बरं का. ती रडतच हुती."

"सगळं एका ताडपत्रीवर?"

जरिनानं मान डोलावली.

"सगळं येका जागी?"

"मग कसं?" जरिना म्हणाली. "गहू म्हनजे गहूच की तात्या. येगळा कशाला बडवायचा?"

नाथाजी बांधावर बसला. आठ वर्षं. अकरा पिढ्या साहेबांनी केंद्रात, आठ त्यानं इथं, त्यातल्या शेवटच्या तीन तांबेरा लावून. एका पिशवीतला दाणा दुसरीत जाऊ नये म्हणून तो मळणीला अंगातली बंडीसुद्धा प्रत्येक वाफ्यानंतर झटकायचा. बनुबाई त्याला हसायची.

भाऊसो डोक्याला फेटा बांधून आले. "आले का साहेब? तात्या, बघा काय थाटमाट केलाय. आन् त्यो रोगट पाला दिसनार न्हाई कुनाला. आमी सगळा जाळला."

नाथाजी उठला. आजवर त्यानं चेअरमनसमोर आवाज चढवला नव्हता.

"भाऊसो, तुमाला म्या काय सांगितलं हुतं?"

"आवं, चिडताय कशाला? दाना हाय की सगळा! येक दाना वाया घालवला न्हाई. बेचाळीस किलो भरला. साहेबांचं वजन सेहेचाळीस, तुमच्या जयराजनं दवाखान्यात फोन करून विचारून ठेवलं. कमी पडलं तर वर गुळाची ढेप ठिवायची. साहेबांचाच गहू, साहेबांचंच वजन. ह्याच्यापेक्षा मोठा सत्कार काय असतोय, मला सांगा."

भाऊसोंच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. तेच नाथाजीला सोसेना. त्या माणसानं वाईट हेतूनं केलं असतं, तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. हा माणूस देवाला दुधाचा अभिषेक करावा तशा मनानं रान कापून बसला होता.

"साहेबांना आता सांगू नगा," भाऊसो हळूच म्हणाले. "कार्यक्रम झाल्यावर. म्हातारं मानूस हाय. हात जोडतो."

नाथाजी गाडीकडं वळला. त्यानं साहेबांना गाडीतनं उतरवलं आणि दंडाला धरून मांडवात आणलं. काळ्या चष्म्याआडून साहेबांना फार दिसत नव्हतं.

"आधी वाफे," साहेब म्हणाले.

"आधी सत्कार साहेब," भाऊसो म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

"सत्काराला कसला मुहूर्त?"

पण हार पडला, शाल पडली, फेटा बांधताना चष्मा सटकला तो नाथाजीनं झेलला. मग भाषणं. पहिले पाहुणे बोलले ते साहेबांना कृषिरत्न म्हणाले. दुसरे संत म्हणाले. तिसऱ्यांनी त्यांनी कुठलं पीक शोधलं ते कागदावर बघितलं आणि ज्वारी म्हणाले. साहेबांनी मान वळवून नाथाजीला विचारलं, "ज्वारी कुणाची?"

नाथाजी त्यांच्या खुर्चीमागं उभा होता. घामानं त्याची बंडी पाठीला चिकटली होती. दुपारी सत्कारानंतर बुवांचं कीर्तन ठेवलं होतं. बुवा टाळकऱ्यांसह एका कडेला बसून घड्याळ बघत होते. नाथाजीला त्यांच्याकडं बघून वाटलं, आता माऊलींचं नाव घ्यावं आणि एकदाच बोलून मोकळं व्हावं. आणि तोंड उघडलं की समोर फेट्यातला भाऊसोंचा चेहरा दिसायचा, आणि तोंड मिटायचं.

"आता मायबाप रसिकहो, ज्याची आपन वाट बघतोय!" भाऊसो माइकवर ओरडले.

काटा पुढं आणला. गुळाचा वास मारत होता आणि लाकडावर मुंग्या फिरत होत्या. एका पारड्यात लाल कापड अंथरून खुर्ची ठेवली. दुसऱ्यात बायांनी टोपलीटोपलीनं गहू ओतला. दोघांनी साहेबांना उचलून बसवलं. साहेबांचे पाय लोंबकळले. कर्ण्यावर सनई सुरू झाली. पारडं वर गेलं, हललं, खाली आलं, आणि टाळ्या वाजल्या. गुळाची ढेप ठेवली, पारडी बरोबर आली, आणि पुन्हा टाळ्या वाजल्या.

"हे काय ओतलं?" साहेबांनी विचारलं.

"गहू साहेब! तुमचा!"

दोन्ही पारडी शेजारी होती. साहेबांनी हात लांब केला, मूठभर गहू घेतला, आणि दिसत नसल्यामुळं अंगठ्यानं चोळायला लागले. एक दाणा. दुसरा. पुढचा. नाथाजीला त्यांची बोटं माहीत होती. त्या बोटांना दाण्याच्या पोटाची खाच कळायची.

"नाथा."

"जी."

"हा कुठल्या वाफ्याचा?"

टाळ्या थांबल्या नव्हत्या.

"नाथा, ह्यात पोचट दाणा आहे. सुरकुतलेला. आणि हा टणक. एकाच मुठीत. हा कुठल्या वाफ्याचा?"

"सगळ्यांचा, साहेब."

साहेबांचा अंगठा थांबला.

"सगळ्यांचा?"

"चोवीस वाफं. मधल्या ओळीबी. येकाच ताडपत्रीवर."

कुणीतरी सनई बंद केली. पुढच्या रांगेतल्या माणसांना काहीतरी झालं एवढं कळलं. मागच्या रांगा अजून टाळ्या वाजवत होत्या, त्या हळूहळू पडल्या. साहेब तराजूत बसलेले, फेटा कानावर आलेला, मांडीवर नारळ. लहान पोराला उंच खुर्चीत बसवून विसरून जावं तसे. नाथाजीनं मान खाली घातली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि चूक तर त्याची नव्हती. त्याचाच संताप त्याला येत होता.

"मला खाली काढा," साहेब म्हणाले.

"साहेब, फोटो..." भाऊसो म्हणाले.

"आवं, काढा की खाली त्यांना!" बनुबाई बायकांच्या रांगेतनं ओरडली. तिचा आवाज गावानं इतका मोठा कधी ऐकला नव्हता. चौघं धावले.

नाथाजीनं साहेबांना खुर्चीवर बसवलं आणि मग तो माइककडं गेला. त्यानं आयुष्यात माइक धरला नव्हता. तो कर्कश वाजला.

"ऐका. ह्या मानसानं," त्याचा आवाज फाटला, "ह्या मानसानं हयातभर येक काम केलं. दान्यापासनं दाना येगळा ठिवला. आन् आपन त्यांचा सत्कार केला. सगळा येक करून. त्याच्यात सतरा नंबर हुता. आता त्यो ह्या ढिगात हाय, आन् त्यो कुठला, हे परमेसराला बी ठावं न्हाई."

भाऊसोंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांना आता कुठं कळलं. ते नुसते "आवं... आवं..." एवढंच म्हणत राहिले.

साहेबांनी मूठ उघडली नव्हती.

"नाथा, पोचट किती आणि टणक किती?"

"काय साहेब?"

"सुपात घालून बघ. तांबेऱ्यानं गेलेला दाणा हलका असतो, पोट आत गेलेलं असतं. तो पाखडला की उडेल, उरला तो हातानं काढता येईल. सतरा नंबर टणक आहे. नऊ आणि बाराही असतील. निदान मेलेले बाहेर काढू."

"बेचाळीस किलो, साहेब. येक येक दाना?"

"माणसं किती आहेत?"

नाथाजीनं मांडवाकडं बघितलं. तीनशे तरी असतील. पाहुणे, पत्रकार, फेटे, तीन भाषणं केलेले तिघं.

"येकाबी मानसानं उठायचं न्हाई," तो माइकमध्ये म्हणाला. विनंतीचा शब्द त्याला सुचलाच नाही. "जरिना, सुपं आना. ज्याच्या घरात परात हाय त्यानं परात आना."

जरिना सुपं आणून बसलीसुद्धा. तिनं पहिलं सूप पाखडलं, आणि पोचट दाणे उडून चेअरमनच्या बुटावर पडले. "हे बघा तात्या, ह्यो रोगट," ती म्हणाली. "काल कळलं असतं तर येगळं बडवायला हात मोडलं हुतं व्हय आमचं? कुनी सांगितलं तर ना."

"म्या सांगत हुतो तवा कोन ऐकत हुतं?"

"आमाला कवा सांगितलं? तुमी चेअरमनला सांगत हुता."

नाथाजीनं पुढचं सूप स्वतः भरून तिच्या हातात दिलं. तीन वर्षं त्याच्या वाफ्यात खुरपायला हीच जरिना यायची.

दुपारचं ऊन मांडवाच्या कनातीतनं आत आलं. परातीभोवती पाच-पाच, सहा-सहा माणसं बसली. ज्वारी म्हणणारे पाहुणे चष्मा काढून दाण्याला डोळा लावत होते आणि बनुबाई त्यांच्या हातावर चापट मारत होती, "आवं साहेब, ह्यो पोचट हाय, ह्यो न्हाई घ्यायचा. डोळं कुठं हायती?" बुवांनी थोडा वेळ वाट बघितली. मग कुणी न सांगता त्यांनी चिपळ्या घेतल्या आणि निवडणाऱ्यांच्या मधेच उभे राहून नामाचा गजर सुरू केला, हळू, हाताला लय येईल असा. माणसांच्या माना खाली होत्या, हात चालत होते, आणि तीनशे तोंडांतनं नाम उठत होतं. नाथाजीनं साठ वर्षांत इतकी कीर्तनं ऐकली, पण श्रोत्यांतलं एकही माणूस डुलक्या घेत नाही असं कीर्तन पहिल्यांदाच बघितलं. तरीही त्याचा राग गेला नव्हता. राग आणि गजर दोन्ही त्याच्या छातीत एकदम वाजत होते.

चार वाजता साहेबांसमोर दोन परातींत साफ गहू आला. साडेसहा किलो भरला. साहेबांनी दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात घातले.

"आहे," ते म्हणाले. "ह्यातच आहे."

"पन कुठला, साहेब?"

"ते पुन्हा रोगच सांगेल. एकेक दाणा टोकणायचा, एकेक वीत सोडून. चारी बाजूंनी रोगट गहू. जे झाड टिकेल त्याचं बी वेगळं ठेवायचं. पुढच्या साली पुन्हा. तीन-चार सालं."

"आन् तुमी?"

"मी चौऱ्याऐंशीचा आहे," साहेब म्हणाले. सतरा नंबर साहेबांना दाखवायचा होता, तो दाखवायचा राहिला. हे कुणालाही कितीही निवडून भरून येणार नव्हतं. नाथाजीनं खाली वाकून साहेबांच्या बोटांत अडकलेला एक दाणा काढला आणि परातीत टाकला.

"एकेक वीत सोडून एवढे दाणे टोकणायचे तर रान मोठं लागेल," साहेब म्हणाले. "तुझे तीन गुंठे पुरायचे नाहीत."

नाथाजीनं वर बघितलं. भाऊसो परातीशी मांडी घालून बसले होते. फेटा केव्हाच काढून ठेवलेला, बोटं काळी पडलेली, पोचट दाण्यांचा एक बारीक ढीग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यापाशी गोळा केला होता. शिराळ्याच्या रस्त्याला लागून त्यांचं अडीच एकर काळं रान होतं. जाणारायेणारा प्रत्येक माणूस ते बघून जायचा.

"भाऊसो," नाथाजी म्हणाला, "तुमचं रस्त्याकडंचं रान."

"त्ये? तात्या, तिथं... तिथं लोक बघत्यात. तिथं रोग लावायचा?"

"औषध मारायचं न्हाई. कुनाला मारू द्यायचं न्हाई. रोग वाढवायचा."

भाऊसोंनी साहेबांकडं बघितलं. साहेब त्यांच्याकडं बघत नव्हते. त्यांचे हात अजून गव्हात होते. भाऊसो उठले. गुडघे मोडून आलेले, ते धरत माइकपाशी गेले. बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

"मायबाप हो," भाऊसो म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा आवाज लागेना. "पुढल्या साली माझ्या रस्त्याकडंच्या रानात तांबेरा लावनार हाय. सगळ्यांनी... बघायला या."

"चार सालं म्हना," नाथाजी खालून म्हणाला.

भाऊसोंनी माइक परत जवळ ओढला.

"चार सालं," ते म्हणाले.